हुतुतू कीं क्रिकेट?

ज्या वादाचा निकाल कधींच लागावयाचा नसतो त्या वादांत मनुष्य विशेष रमतो. आंबा पायरी गोड कीं हापूस, पुरणपोळीवर तूप घ्यावें कीं दूध, भीमसेनांचें गाणें थोर कीं कुमारांचें, अशा प्रश्नांवर आपल्या घरांतून किती रात्री सुखानें गेल्या असतील याचा हिशेब नाहीं. असा वाद संपतो तो झोपेनें, युक्तिवादानें नव्हे. परंतु या सर्वांवर ताण करणारा एक वाद आमच्या गांवांत गेलीं कित्येक वर्षें चालला आहे, आणि त्यांत मुलांच्या हिताचा एक खराखुरा प्रश्न गुंतलेला असल्यामुळें तो वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें. हा वाद खेळांचा. क्रिकेट श्रेष्ठ कीं हुतुतू, ज्यास आतां सर्वत्र कबड्डी म्हणतात, एवढाच काय तो मुद्दा.

आमचें गांव रिसोड. वाशीम जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण. वाकाटकांची एक राजधानी जें वत्सगुल्म तेंच हल्लींचें वाशीम. म्हणजे शेजार तसा थोरामोठ्यांचा. परंतु आमचें वर्तमान साधें आहे. पावसाळ्यांत सोयाबीन-तुरीचीं शेतें, हिवाळ्यांत मालाच्या गाड्यांची रांग, आणि बारमाही मारुतीच्या पारावर निवृत्तांची बैठक, असा येथील क्रम. छत्तीस वर्षें मुलांना मराठी व संस्कृत शिकवून आम्हीही त्या बैठकींत दाखल झालों, आणि त्या दिवसापासून या वादाचे साक्षी झालों.

वादांतील एक पक्ष आमचे शेजारी निवृत्त पोस्टमास्तर यांचा. यांचें क्रिकेटप्रेम रेडिओच्या काळापासूनचें. सन १९८३ च्या जून महिन्याच्या २५ तारखेस लॉर्ड्सच्या मैदानावर कपिल देव यांच्या संघानें अवघ्या १८३ धांवा करूनही वेस्ट इंडीजला १४० धांवांत गुंडाळलें व विश्वचषक जिंकला. ती रात्र त्यांनीं ट्रान्झिस्टर कानाशीं धरून काढली, आणि तिचा वृत्तांत ते कालपरवां घडल्यासारखा अजून सांगतात. दुसरा पक्ष एका शेतकरी गृहस्थांचा. यांस सारें गांव 'भाऊ' म्हणतें. वयानें ते आमच्याहून चार वर्षांनीं लहान. ऐन तारुण्यांत तालुक्याच्या सामन्यांतून चढाईसाठीं नांवाजलेले. आतां गुडघे कुरकुरतात, तरी शेजारच्या गांवीं सामने आहेत असें कळलें कीं मोटारसायकल काढून जावयाचेच.

पोस्टमास्तर म्हणतात, "भाऊ, क्रिकेट हा बुद्धीचा खेळ आहे. खेळपट्टी ओली की कोरडी, वारा कुठला, चेंडू नवा की झिजलेला, एवढं सगळं पाहून कर्णधार एका माणसाला दोन पावलं डावीकडे सरकवतो, आणि पुढच्याच चेंडूवर झेल नेमका त्याच्या हातात जातो. तुमच्या कबड्डीत असा विचार करायला वेळ तरी आहे का?"

यावर भाऊंचें उत्तर ठरलेलें. "मास्तर, इचार कराले जर पाच दिवस लागते, तं त्याले खेळ कायले म्हनता? कोर्टकचेरी म्हना! अकरा जनं उन्हात उभे, नऊ जनं सावलीत बसून; खेळते किती ते सांगा. आमच्या इथं दम सुटला का गडी गेला. साऱ्याइच्या देखत जाते. तिथं पंचाले टीव्ही पाहा लागत नाही."

"अहो, तुमच्या त्या लीगमध्येही पंच आता टीव्ही पाहूनच निकाल देतात!" असें पोस्टमास्तरांनीं म्हटलें कीं पारावर हंशा पिकतो, आणि वाद पहिल्या पदावर येतो.

आमचा एक पुतण्या बरींच वर्षें अमेरिकेंत, न्यू जर्सी प्रांतीं, नोकरीस आहे. सुटींत तो आला असतां एका सायंकाळीं पारावर बसला व हा वाद ऐकून मोठ्यानें हंसूं लागला. तो म्हणाला, "काका, आमच्या कचेरीत दुपारच्या जेवणाच्या वेळी अगदी हेच चालतं. फक्त तिकडे एका बाजूला बेसबॉल असतो आणि दुसरीकडे फुटबॉल." बेसबॉलचे भक्त म्हणतात कीं, नव्वद मिनिटें बावीस माणसें धांवत सुटलीं, शेवटीं शून्य-शून्य अशी बरोबरी झाली, आणि लोक तृप्त होऊन घरीं गेले, याला खेळ कसें म्हणावें? फुटबॉलचे भक्त उत्तर देतात कीं, तुमच्या बेसबॉलांत तीन तास बसलों, त्यांत चेंडू खरोखर हलला किती वेळ? सन १९९४ मध्यें फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेंतच भरली, तरी हा वाद तेथें मिटला नाहीं. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊ. तेथेंही एकानें चेंडू टाकावयाचा, एकानें मारावयाचा, व बाकीच्यांनीं वाट पाहावयाची. म्हणजे सात समुद्रांपलीकडेही पोस्टमास्तर व भाऊ बसलेलेच आहेत. नांवें तेवढीं निराळीं.

हें ऐकून आम्हांस वाटलें कीं, जो वाद इतक्या दूर इतक्याच शब्दांत चालतो त्याचें मूळ खेळांत नसून पाहणाऱ्यांच्या मनांत असलें पाहिजे. संस्कृत साहित्यशास्त्रानें या प्रश्नाचा विचार नाटकाच्या संबंधानें फार पूर्वींच केला आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले. परंतु तो रस भोगणारा कोण, याचा खल पुढील आचार्यांनीं, विशेषतः अभिनवगुप्तानें, केला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, रंगभूमीवर कितीही उत्तम प्रयोग झाला तरी प्रेक्षकाच्या अंतःकरणांत त्या भावनेचे पूर्वसंस्कार नसतील तर त्यास रसाचा आस्वाद मिळत नाहीं. ज्यास तो मिळतो तो 'सहृदय'. बाकीचे आसनें अडवून बसतात इतकेंच.

हीच गोष्ट खेळास लावून पाहावी. पोस्टमास्तर दूरदर्शनवर सामना पाहत असतां एकदां आम्ही शेजारीं बसलों होतों. फलंदाजानें लागोपाठ पांच चेंडू नुसते अडविले. आमच्या दृष्टीनें कांहींच घडलें नाहीं. परंतु पोस्टमास्तर खुर्चींत पुढें सरकले व म्हणाले, "आता बघा, हा सहावा आत येणार." तो आंत आला, आणि यष्टी उडाली. पांच चेंडू बाहेर टाकून गोलंदाजानें सहाव्याची तयारी केली होती; तें कारस्थान त्यांस दिसत होतें, आम्हांस दिसत नव्हतें. उलट भाऊंच्या बरोबर सामन्यास गेलें असतां चढाई करणारा मध्यरेषा ओलांडून आंत शिरतो न शिरतो तों भाऊ सांगतात, "त्या डाव्या कोपऱ्यातल्या पोराचा पाय पाहा गुरुजी, तो घोटा धरन." आणि क्षणांत तो घोटा धरतो. आम्हांस केवळ सात जणांची झोंबाझोंबी दिसते. भाऊंना त्यांत सात निरनिराळीं मनें दिसतात.

दोन्ही खेळांचा रसही भिन्न आहे. क्रिकेट म्हणजे विलंबित लयींतील ख्याल. समेवर येण्यास वेळ लागतो, व त्या लागण्यांतच सुख आहे. कबड्डी म्हणजे द्रुत लयींतला तराणा. श्वास घ्यावयास सवड नाहीं, किंबहुना श्वास न घेणें हाच तिचा नियम. क्रिकेटमध्यें फलंदाज एकदां बाद झाला कीं त्या डावापुरता तो गेला. त्या एका चुकीचा धाक प्रत्येक चेंडूवर असतो. कबड्डींत बाद झालेला गडी आपल्या सोबत्यांनीं प्रतिपक्षाचा गडी मारला कीं पुन्हां उठून आंत येतो. जुन्या हुतुतूंत या प्रकारास 'संजीवनी' असेंच नांव होतें. कचदेवयानीची कथा ज्यांनीं लहानपणीं ऐकली आहे त्यांस त्या नांवाचें मर्म सांगावयास नको. एका खेळांत मरणाचें गांभीर्य आहे, दुसऱ्यांत पुनर्जन्माची आशा आहे. यांपैकीं श्रेष्ठ कोणतें, हें कोणीं व कोणत्या तराजूंत तोलावें?

गंमत अशी कीं, हे खेळ स्वतःच एकमेकांचे गुण हळूच उचलीत असतात. पांच दिवसांचें क्रिकेट लोकांना लांब वाटूं लागलें, तेव्हां तें एक दिवसाचें झालें, व पुढें वीस षटकांचें झालें. सन २००७ मध्यें त्या वीस षटकांच्या पहिल्या विश्वस्पर्धेंत आपण पाकिस्तानला पांच धांवांनीं हरविलें. अमेरिकन बेसबॉलनेंही सन २०२३ पासून चेंडू टाकणाऱ्यासमोर घड्याळ लावलें आहे. उलट कबड्डीनें सन २०१४ पासून लीगच्या रूपानें दिवे, वाद्यें व दूरदर्शन यांचा थाट मांडला, व खेळाडूंचे लिलाव सुरू केले. म्हणजे क्रिकेट कबड्डीसारखें चपळ होऊं पाहतें, आणि कबड्डी क्रिकेटसारखी श्रीमंत. भक्त भांडतात, दैवतें मात्र एकमेकांच्या घरीं जातात येतात.

आतां वादांतील दोन आक्षेप मात्र तपासले पाहिजेत, कारण ते केवळ आवडीनिवडीचे नाहींत. पहिला आक्षेप भाऊंचा: क्रिकेट परकी, हुतुतू आपली. दुसरा पोस्टमास्तरांचा, ते तो उघड बोलत नाहींत परंतु त्यांच्या बोलण्यांत तो डोकावतो: क्रिकेट सुशिक्षितांचें, हुतुतू अडाण्यांची.

पहिल्या आक्षेपास आपल्या प्रांताचा इतिहासच उत्तर देतो. पुण्याचा डेक्कन जिमखाना सन १९०६ मध्यें निघाला. तेथें क्रिकेटही खेळलें जाई, आणि १९१४ च्या सुमारास खोखोचे नियम बांधण्याचें कामही त्याच संस्थेनें केलें. एका छपराखालीं दोन्ही नांदलीं. त्याच १९१४ सालीं आमच्या वऱ्हाडांत, अमरावतीस, वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. तीच पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून प्रसिद्ध झाली. या मंडळाच्या पथकानें सन १९३६ मध्यें बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं जाऊन हुतुतू व इतर देशी व्यायामप्रकार परदेशी लोकांसमोर करून दाखविले. मधल्या काळांत, सन १९२३ मध्यें, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें हुतुतूचे नियम प्रसिद्ध केले. तेव्हां ज्यास आपण अनादि व स्वदेशी म्हणतों त्या खेळाचें हल्लींचें रूपही शंभर वर्षांतलेंच आहे, व तें नीटस करणाऱ्या मंडळींनीं परदेशी खेळांची शिस्त डोळ्यांआड केली नव्हती.

शिवाय आपलें काय नि परकें काय, हें जन्मावरून ठरत नाहीं, राबण्यावरून ठरतें. सन १९९० मध्यें कबड्डी आशियाई स्पर्धांत आली, तेव्हांपासून पुरुषांचें सुवर्णपदक प्रत्येक वेळीं आपलेंच. हें पदक आपल्या बापजाद्यांचें वतन आहे असें आपण समजूं लागलों होतों. सन २०१८ मध्यें जाकार्ता येथें इराणच्या संघानें उपांत्य सामन्यांतच तें वतन खालसा केलें, व महिलांच्या अंतिम सामन्यांतही इराणच जिंकलें. २०२३ मध्यें हांगझोउ येथें आपण दोन्ही पदकें परत मिळविलीं हें खरें. परंतु खेळ कोणाच्या वतनावर राहत नाहीं, हा धडा त्यांतून घ्यावयाचा तो घेतला पाहिजे.

दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर थोडें अधिक मोलाचें आहे. आमच्यासारख्या संस्कृतच्या शिक्षकास ज्यांचें नांव घेतांना अभिमान वाटतो ते प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृतचे अध्यापक होते. सन १९२६ मध्यें मुंबईस आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं १४८ धांवा काढल्या. त्याच मोसमांत त्याच संघाविरुद्ध, नागपूरला जन्मलेल्या सी. के. नायडूंनीं हिंदू संघाकडून १५३ धांवांचा पाऊस पाडला होता. देवधरांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठ वर्षीं रणजी करंडक जिंकला, आणि १९४४ सालीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, त्यांनीं नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें केलीं. पोस्टमास्तर हें उदाहरण देऊन म्हणतात, "बघा, विद्येचा आणि क्रिकेटचा असा संबंध आहे."

परंतु त्याच पुण्यांत देवधरांच्या आधीं एक क्रिकेटपटू होऊन गेला. पाळवणकर बाळू हे चर्मकार कुटुंबांत १८७६ सालीं जन्मले. गोऱ्या साहेबांच्या क्लबांत मैदानाची निगा राखतां राखतां ते त्यांना चेंडू टाकीत, आणि असें टाकतां टाकतां ते त्या काळचे सर्वांत निष्णात गोलंदाज झाले. हिंदू क्लबानें त्यांस घेतलें; मैदानांत चेंडू सर्वांनीं एकच हाताळला; परंतु विश्रांतीच्या वेळीं त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांतून. सन १९११ मध्यें हिंदी संघ इंग्लंडास गेला तेव्हां बाळूंनीं त्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेतले. एवढें करूनही हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांस मिळालें नाहीं. तें पुढें सन १९२३ मध्यें त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळालें, व त्या वर्षीं संघ विजयी झाला. तें भांडें बाहेर ठेवणारे हात आपल्यासारख्याच घरांतील होते, हें आपण आपल्या मुलांना सांगितलें पाहिजे. क्रिकेट सुशिक्षितांचें असेल. परंतु शिक्षणाची खरी परीक्षा त्या चहाच्या वेळीं होती, आणि तींत सुशिक्षितच नापास झाले.

येथें भाऊंनीं विजयानें मांडी थोपटावी असें कोणास वाटेल. "मातीला जात नाही," असें ते म्हणतातही. परंतु त्या मातीवर मुली किती उतरल्या, हें त्यांस विचारलें म्हणजे ते क्षणभर गप्प बसतात. आमच्या तरुणपणीं या भागांत हुतुतूचा सामना म्हणजे पुरुषांचा मेळा. मुली गच्चीवरून पाहत, त्याही चोरून. दोष कोण्या एका खेळाचा नाहीं. आणि आज दोन्ही बाजूंनीं हें कुंपण मोडत चाललें आहे. सन २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खोखोची पहिली विश्वस्पर्धा झाली, तींत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नवी मुंबईस भारतीय महिलांनीं दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या संघांत सांगलीची स्मृती मानधना होती. त्या रात्रीं पोस्टमास्तर व भाऊ एकाच खोलींत बसून टाळ्या वाजवीत होते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

हा सारा विचार आमच्या मनांत एका प्रसंगामुळें सुरू झाला. तीन वर्षांपूर्वीं, गांवांतून बाहेर जाऊन चांगल्या स्थितीस पोंचलेल्या एका गृहस्थांनीं कळविलें कीं, आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ येथील एका शाळेच्या पटांगणासाठीं कांहीं रक्कम द्यावयाची आहे. झालें! क्रिकेटच्या पक्षानें सिमेंटची खेळपट्टी व जाळी मागितली. कबड्डीच्या पक्षानें मॅट मागितली. पारावरचा वाद शाळेच्या सभेंत गेला, आणि तेथें कोणाचें कोणाशीं जमेना. शेवटीं दोन्ही पक्षांनीं मिळून आम्हांस सांगितलें, "गुरुजी, तुम्ही दोघांपैकी कुणाचेच नाही, तुम्ही सांगाल ते मान्य."

आम्हीं आठ दिवस मुदत मागितली, व रोज सायंकाळीं त्या पटांगणाच्या कडेला निंबाखालीं वही घेऊन बसूं लागलों. खेळ पाहण्याऐवजीं खेळाबाहेर कोण उभें आहे, तेवढेंच पाहावयाचें ठरविलें. क्रिकेटच्या बाजूला बॅट एका मुलाची होती. म्हणून पहिली पाळी त्याची, आणि तो बाद झाला व रुसला कीं बॅटीसह घरीं. दोन लहान पोरें रोज कांटेरी कुंपणांतून चेंडू काढून देत. त्यांस 'कच्चा लिंबू' म्हणत, आणि आठ दिवसांत त्यांच्या हातीं एकदांही बॅट आली नाहीं. कबड्डीच्या बाजूला धट्टेकट्टे दोघे तिघे पुन्हां पुन्हां चढाईस जात; अशक्त मुलगा पहिल्याच झटक्यास बाद होई, आणि त्याला संजीवनी देण्याची घाई कोणासच नसे. मुली पाण्याच्या टांकीपाशीं उभ्या. कोणी त्यांस हांकलीत नव्हतें. कोणी बोलावीतही नव्हतें.

त्यांत पांचवींतील एक मुलगी रोज एकाच जागीं उभी राही. सहाव्या दिवशीं आम्हीं तिला जवळ बोलावून विचारलें, "बाळ, तुला कोणता खेळ आवडतो? क्रिकेट का कबड्डी?" आम्हांस वाटलें, ही पोर दोन पक्षांपैकीं एकाच्या पदरांत मत टाकील. ती थोडा वेळ पायानें माती उकरीत राहिली, आणि म्हणाली, "जो खेळू देतील तो, गुरुजी."

आमच्या मतें या विषयावर आजवर जें कांहीं बोललें गेलें त्यांत हें उत्तर सर्वांत शहाणपणाचें आहे. आपण पाहणारे लोक गोडीचा वाद घालतों. परंतु गोडी ही चाखल्यावांचून येत नाहीं. वर ज्या संस्कारांविषयीं लिहिलें ते आकाशांतून पडत नाहींत. ते अंगाला माती लागून पडतात. ज्या मुलाच्या हातीं बॅट आली नाहीं, ज्या मुलीच्या पाठीवर 'खो' पडला नाहीं, तीं उद्यां कोणत्याही खेळाचीं सहृदय प्रेक्षक होणार नाहींत. मग तुमचें मैदान भरलें काय नि ओस पडलें काय! तेव्हां दोन खेळ एकमेकांशीं तोलण्यापेक्षां, एखादा खेळ आपल्या गांवीं किती मुलांना बाहेर उभें ठेवतो, हें पाहावें. हा दोष खेळाच्या नियमांत नसतो. खेळविणाऱ्यांच्या हातांत असतो, म्हणून तो दूरही करतां येतो.

आम्हीं सभेंत सांगितलें कीं, सिमेंटही नको व मॅटही नको. पटांगणांतले दगड वेचून तें सपाट करावें. पाणी शिंपडण्यासाठीं नळ दुरुस्त करावा. खोखोचे दोन खांब रोवावे. दोन बॅटी, चेंडू व यष्टी शाळेच्या मालकीच्या घेऊन कपाटांत ठेवाव्या, म्हणजे बॅट ज्याची त्याची पहिली पाळी हा कायदा संपेल. कबड्डीच्या रेषा चुन्यानें आंखाव्या, आणि वजनाप्रमाणें मुलांच्या जोड्या लावाव्या. आठवड्यांतील दोन सायंकाळीं पटांगण केवळ मुलींचें, व त्या वेळीं एका शिक्षिकाबाईंनीं हजर राहावें.

या योजनेवर पहिली अडचण देणगीदार गृहस्थांनींच काढली. "सपाट जमिनीवर वडिलांचें नांव लिहावयाचें कोठें?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदींच गैर नव्हता. शेवटीं तें नांव पाण्याच्या टांकीवर मोठ्या अक्षरांत रंगविण्याचें ठरलें. ट्रॅक्टर भाऊंनीं दिला व दोन दिवस स्वतः चालविला. कपाटाची किल्ली पोस्टमास्तरांनीं आपल्याकडे घेतली. रोज सायंकाळीं ते रजिस्टर पत्राप्रमाणें बॅटीची नोंद करून सही घेतात, आणि ज्याची पाळी कालपर्यंत आली नाहीं त्याचें नांव पहिलें पुकारतात. त्यांच्या कारकीर्दींत एकही टपाल गहाळ झालें नव्हतें. बॅटही झालेली नाहीं.

सर्व कांहीं सुरळीत झालें असें म्हणणें खोटें होईल. पावसाळ्यांत पटांगणांत चिखल होतो व सारेंच थांबतें. कांहीं घरांतून मुलींना सायंकाळीं पाठवीत नाहींत. टांकीपाशीं उभी राहणारी ती मुलगी आतां आठवींत आहे. पाठीवर खो बसतांच ती अशी सुटते कीं खांबापर्यंत तिच्या हातीं कोणी ना कोणी लागतोच. परंतु तिच्या बरोबरीच्या दोघी घरचें काम वाढल्यामुळें येईनाशा झाल्या आहेत. त्यांच्या वडिलांकडे आम्ही दोनदां जाऊन आलों; तिसऱ्यांदा भाऊंना बरोबर नेण्याचा विचार आहे, कारण त्यांचें बोलणें त्या घरीं अधिक चालतें.

वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं या वादाचा कोणता ना कोणता अवतार असेलच. एक भाऊ क्रिकेटचा, दुसरा फुटबॉलचा. आजोबांना मल्लखांब प्रिय, नातवाला आणखी कांहीं. हा वाद खुशाल घालावा, त्यानें जेवणास चव येते. फक्त सुटींत मुलें जमलीं कीं, 'तूं कोणाच्या बाजूचा?' असें विचारण्याआधीं प्रत्येकाला, व त्यांतल्या त्यांत धाकट्या मुलीला, 'आज तुला खेळावयास मिळालें का?' एवढें विचारावें, आणि उत्तर 'नाहीं' असें आलें तर चपला घालून तिच्याबरोबर मैदानापर्यंत जावें.